बी कुणाचे, माती कुणाची?

वाचकहो, आधी माझी चूक सांगते आणि मग चार शहाणपणाच्या गोष्टी. उलटे केले तर तुम्ही म्हणाल, म्हातारी उपदेश करायला बसली.

मागच्या पावसाळ्यात माझी सून बाळंत झाली. पहिली मुलगी होती, दुसरीही मुलगीच झाली. दवाखान्यातून निरोप आला तेव्हा मी तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळत बसले होते. वळता वळता तोंडातून शब्द निघून गेला, "तिच्या माहेरी मुलींचीच खाण हाय. तिची माय पाच बहिणी, ती चार बहिणी. खाण तशी माती, दुसरं काय व्हनार?"

शेजारी माझी नात अभ्यास करीत होती. थोरल्या लेकीची मुलगी, नववीला आहे. तिने पुस्तकातून डोके वर काढले आणि विचारले, "आजी, मग तुला तीन मुली झाल्या, त्या कोणत्या खाणीतल्या?"

माझा हात थांबला. पोरगी खोचून बोलली नव्हती, तिने सरळच विचारले होते. पण जे ऐकून मी एके काळी रात्र रात्र रडले होते, तेच बोल आज माझ्या तोंडून निघाले होते. म्हणून हा लेख लिहायला घेतला.

आमचे लिंबागणेश बीड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराळ मुलखात आहे. गणपतीच्या जुन्या देवळामुळे गावाचे नाव दूरवर ठाऊक आहे. रान बहुतेक हलके, वीतभर माती आणि खाली मुरूम. ओढ्याकाठी तेवढी काळी जमीन. मी या गावात १९७७ साली सून म्हणून आले. १९७९ साली पहिली मुलगी झाली, १९८१ साली दुसरी. तोवर घरात कुरकुर होती, पण भाकरीबरोबर गिळता येईल एवढीच. १९८४ साली तिसरी मुलगी झाली आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बाळाचे तोंड पाहिले नाही. पाचवी पुजली नाही. ओसरीवर बसून आल्यागेल्याला सांगत, "माझ्या पोराचं बी चोख हाय. रानच असलं, त्यात तणच उगवतंय. आता दुसरं रान बघावं लागंल."

दुसरे रान म्हणजे दुसरी बायको. माझे मालक वाईट नव्हते, पण आईपुढे बोलत नव्हते. बी बाप्याचे आणि बाई म्हणजे नुसती माती, हे त्यांनाही खरे वाटत होते आणि मलाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ही उपमा पटकन पटते. माती काही बी देत नाही, जे पेराल ते उगवते. मग पीक बिघडले तर दोष मातीचा. आपण कधी विचारच करीत नाही की मुळात उपमाच चुकली असेल.

त्या वर्षी पावसाळ्यात मी तान्ह्या लेकीला घेऊन जालना भागात थोरल्या बहिणीकडे गेले. राहायला गेले म्हणाले, पण खरे तर परत यायचे की नाही हेच ठरत नव्हते. जालना म्हणजे बियाण्याचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथे बियाण्याची कंपनी काढली आणि आसपासच्या खेड्यांत संकरित बियाण्याचे प्लॉट होऊ लागले. बहिणीच्या गावातही कपाशीचा प्लॉट होता. बायांना रोज मिळत होता. मीही जाऊ लागले. लिंबाच्या फांदीला झोळी बांधायची, लेकीला त्यात निजवायचे आणि ओळीला लागायचे.

ते काम ज्यांनी केले असेल त्यांना ठाऊक आहे. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी हेरायची. अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट पुंकेसरांचे वेष्टन अलगद सोलून काढायचे. मधली काडी, म्हणजे स्त्रीकेसर, दुखावता कामा नये. मग खुणेसाठी कागदी पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या झाडाचे फूल आणायचे आणि त्याचा पराग त्या काडीवर फिरवायचा. ज्या झाडाला बोंड धरायचे ते मादी झाड, ज्याचा पराग आणायचा ते नर झाड. दोन्ही वेगवेगळ्या तुकड्यांत लावलेली असत.

एक दिवस मी प्लॉट बघायला येणाऱ्या माणसाला विचारले, "दादा, नर झाडं तर तिकडं बांधापल्याड. बोंड लागतंय हितं. मग ही सरकी कुणाची म्हनायची?"

तो हसला. म्हणाला, "ताई, दोघांची. बरोबर निम्मी निम्मी. ह्या झाडानं निम्मं बी दिलं, वर जागा दिली, अन् पोसलंबी त्यानंच."

तो पुढच्या ओळीकडे गेला. मी मात्र हातात फूल घेऊन तशीच उभी राहिले. पराग म्हणजे बी नव्हे! पराग नुसता उन्हात ठेवला तर वाळून जातो, जमिनीत टाकला तर त्याचे काही उगवत नाही. मादी झाडाच्या पोटातला अंश आणि नराच्या परागातला अंश एकत्र आले की मग बी तयार होते. म्हणजे बाप्या बी देतो आणि बाई माती, हे कपाशीलासुद्धा लागू नाही. मग माणसाला कुठून लागू होणार?

वाचकहो, पुढे कळत गेले ते आणि नातीने तिच्या पुस्तकातून समजावले ते मिळून सांगते. आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीत धाग्यासारखी गुणसूत्रे असतात. माणसात ती ४६, म्हणजे २३ जोड्या. या धाग्यांवर जनुके असतात. डोळ्यांचा रंग, केसांचे वळण, हाडांची ठेवण, अंगातले काही आजार, यांच्या सूचना त्यांत लिहिलेल्या असतात. बाळाला २३ गुणसूत्रे आईकडून मिळतात आणि २३ बापाकडून. शिवाय पेशीला ताकद पुरवणाऱ्या तंतुकणिका असतात, त्या तर आईकडूनच येतात. तेव्हा हिशोबच करायचा झाला तर आईचे माप काकणभर जास्तच भरेल.

आता मुलगा की मुलगी, हे कसे ठरते? २३ जोड्यांपैकी एक जोडी त्यासाठीच असते. बाईच्या जोडीत दोन्ही गुणसूत्रे सारखी, एक्स आणि एक्स. पुरुषाच्या जोडीत एक एक्स आणि एक वाय. आई देणार ती नेहमी एक्सच देणार, तिच्याजवळ दुसरे नाहीच. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. हा शोध लागला १९०५ साली. नेटी स्टीव्हन्स नावाच्या एका अमेरिकन बाईने पिठाधान्यात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा नराच्या गुणसूत्रांत एक जोडी लहानमोठी दिसली. त्याच सुमारास एडमंड विल्सन यांनाही तेच दिसले. आपण ज्याला चाळणीतून पाखडून फेकतो, तसल्या किड्याने जगभरच्या बायांवरचा आळ पुसला. तरी आमच्या ओसरीपर्यंत ती गोष्ट पोचायला ऐंशी वर्षे लागली आणि माझ्या डोक्यातून निसटायला एक लाडू पुरला.

कोंबडीत मात्र हे उलटे असते. तिथे नर पिल्लू की मादी, हे कोंबडीच्या अंड्यावर ठरते. मगरीच्या अंड्यांत तर उबवताना माती किती गरम होती, यावर ठरते. निसर्गाचे मार्ग अनेक आहेत. माणसाच्या बाबतीत मात्र ते बापाच्या अंशावर ठरते, आईच्या नव्हे.

पण थांबा. म्हणून बापाला दोष द्यायला निघू नका. कोणता अंश पुढे जाईल हे त्याच्या हातात नसते. रुपया वर उडवावा तसे हे आहे, दर वेळी छापा की काटा, जवळजवळ निम्मे निम्मे. दोनदा छापा पडला म्हणून तिसऱ्यांदा काटा पडेलच असे नाही आणि छापाच पडेल असेही नाही. माझ्या सुनेच्या आजोळी पाच मुली झाल्या, माहेरी चार झाल्या, तो रुपयाचा खेळ. खाण नाही आणि माती नाही.

आता खाणीविषयी सांगते, कारण गुण वारशाने येतात हे खरेच आहे, फक्त ते कसे येतात हे आपल्याला ठाऊक नसते. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस काढला. व्यापारी लागवडीचा तो जगातला पहिला संकरित कापूस. आमच्याकडेही तो आला. पहिल्या वर्षी झाडे एकसारखी आली, बोंडे टपोरी. मामंजी खूश झाले आणि सरकी राखून ठेवली. पुढच्या वर्षी तीच पेरली तर शेतात एक झाड ताडमाड, एक खुरटे, एकाचे बोंड मोठे, एकाचे चिंचोक्याएवढे. मामंजी म्हणाले, "बी फसवं निघालं."

बी फसवे नव्हते. पहिल्या पिढीत दोन्ही जातींचे अंश सगळ्या झाडांत एकसारखे जमले होते. दुसऱ्या पिढीत ते फुटून पत्त्यांसारखे पिसले गेले आणि झाकलेले गुण पुन्हा वर आले. हाच नियम ग्रेगर मेंडेल नावाच्या पाद्र्याने मठाच्या बागेत वाटाण्यावर शोधला आणि १८६६ साली छापला. उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे उंच. दुसऱ्या पिढीत तीन उंचांमागे एक बुटका परत येतो. बुटकेपणा मेला नव्हता, दडून बसला होता. मेंडेलचे म्हणणे १९०० सालापर्यंत कुणी मनावर घेतले नाही.

आमच्या घरात हाच खेळ मी डोळ्यांनी पाहिला. माझे मालक तोंडवळ्याने मामंजींवर गेलेले. आत्याबाईंचे धारदार नाक आणि जुळलेल्या भुवया त्यांच्या एकाही मुलात उतरल्या नव्हत्या. आणि ज्या तिसऱ्या नातीचे तोंड त्यांनी पाहिले नाही, ती चार वर्षांची झाली तेव्हा थेट आत्याबाई दिसू लागली. तेच नाक, त्याच भुवया, रागावली की तसाच ओठ मुडपायची. एकदा बाजारात एका म्हाताऱ्या बाईने तिला पाहून आत्याबाईंना विचारले, "ही तुमची कोन?" मी मागे उभी होते. आत्याबाई जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग तिचा हात धरून म्हणाल्या, "माझीच हाय." त्या दिवसानंतर त्यांनी तणाची गोष्ट पुन्हा काढली नाही. मालक तर त्याआधीच, मी निघाल्यापासून दोन महिन्यांनी, मला न्यायला आले होते आणि दुसऱ्या रानाचा विषय त्यांनी स्वतःच बंद केला होता. पुढे १९८८ साली मुलगा झाला. पण तो झाला म्हणून मी खरी ठरले असे नव्हे. तो झाला नसता तरी मी खरीच होते.

आता मातीचे बोलू. बी निम्मे निम्मे असले तरी पहिली नऊ महिन्यांची माती आईच असते, आणि मातीला खत-पाणी लागते हे शेतकऱ्याला शिकवायला नको. एकाच पिशवीतली ज्वारी आम्ही ओढ्याकाठी पेरतो आणि माळावरही पेरतो. ओढ्याची कणसे हातभर, माळाची मुठीएवढी. बी तेच. मधमाशीचे पाहा. राणीमाशी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यातून निघतात. जिला वेगळे पोषक खाद्य मिळत राहते ती राणी होते, बाकीच्या जन्मभर राबतात.

माझी थोरली लेक जन्मली तेव्हा अगदी चिमणीएवढी होती. घरात म्हणाले, "आईचंच अंग लहान, लेकरू कुठून थोर येनार?" खरी गोष्ट अशी की नवव्या महिन्यापर्यंत मी खुरपत होते, पाणी वाहत होते आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरले ते खात होते. भाजी बहुधा संपलेली असे, मग चटणी-भाकरी.

याचे उत्तर मला फार उशिरा मिळाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांची नोंद ठेवायला सुरुवात केली. गरोदरपणात त्या काय खातात, किती राबतात, बाळ किती वजनाचे होते, आणि ते बाळ मोठे होताना कसे वाढते. त्या खेड्यांतल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्पटन शहरातल्या बाळांचे ३.५ किलो. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर होते, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. ज्यांच्यावर कष्टाचा बोजा जास्त, त्यांची बाळे लहान होती. निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. आणखी एक गोष्ट दिसली. आपली बाळे हाडा-मांसाने बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फार कमी नव्हती. अशी पोटात उपाशी राहिलेली बाळे पुढे भरपूर खाऊ लागली आणि अंगमेहनत सुटली की त्यांना मधुमेहाचा धोका जास्त, असे हे डॉक्टर सांगतात. म्हणजे नऊ महिन्यांच्या मातीचा परिणाम पन्नास वर्षे टिकतो. आज गावात घराघरांत साखरेच्या गोळ्या आहेत. आपण म्हणतो, खानदानात आहे. खानदानातले काही असेलही, पण काही आपण ज्या बाईला शेवटी जेवायला बसवली तिच्या ताटातलेही आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या बाया ऊसतोडीला जातात, पोटुशी असताना मोळ्या उचलतात. त्यांना हे वाचून काय वाटेल ते मला कळते. कामाला सुट्टी त्यांच्या हातात नाही. पण मोळी दुसऱ्याने उचलणे, एक खेप कमी करणे, हे बरोबरच्या माणसाच्या हातात आहे.

आणि आता जे लिहायला हात जड होतो ते. निसर्गात दर हजार मुलांमागे सुमारे ९५० मुली जन्मतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. सगळ्या महाराष्ट्रात इतका कमी आकडा दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याचा नव्हता. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला होता, देशाने १९९४ साली. तरीही हे घडले. मधल्या मुली कुठे गेल्या ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. त्यांच्या आयांनाही "रान खराब आहे" हेच ऐकवले असेल.

सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर आठ दिवसांनी एक पाहुणे आले. चहा घेऊन झाल्यावर माझ्या मुलाला अंगणात नेऊन हळूच म्हणाले, "पुढच्या टायमाला आधीच बघून घे. एक ठिकाण हाय वळखीचं." मी दारात होते. म्हणाले, "भाऊजी, माझ्याबी तीन वेळा बघितलं असतं तर तुम्ही आता ज्या लेकीच्या हातचा चहा पिला, ती नसती." चहा तिसरीनेच केला होता, भाचीला बघायला आली होती. ते पाहुणे उठून गेले. मुलाने मान खाली घातली, पण सायंकाळी त्याने स्वतःहून सांगितले, "आई, आपल्याला दोन पुरे झाल्या."

त्याआधी, पाचव्या दिवशी, आम्ही पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, हळद-कुंकू वाहिले. सुनेपुढे लाडवांचा डबा ठेवला आणि तिच्या माहेराविषयी मी काय बोलले होते ते तिला सांगितले. तिच्या कानावर ते गेलेच होते. ती म्हणाली, "जाऊ द्या, आई." मी म्हणाले, "जाऊ द्यायचं नाही, बाई. मलाबी कुनी असंच म्हनलं होतं, ते अजून गेलं नाही."

तेव्हा वाचकहो, घरात कुणी पोटुशी असेल तर तिला पहिल्या पंगतीला बसवा. मेथी, चाकवत, तांदुळजा, शेवग्याचा पाला, जे परसात असेल ते तिच्या ताटात आधी वाढा. दुधाचा पेला विकायच्या चरवीतून बाजूला काढा. अंडे चालत असेल तर अंडे द्या. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्या की नाही, ते विचारा. डोक्यावरचा हंडा उतरवा. आणि बाळ झाले की मुलगा की मुलगी हे विचारण्याआधी बाळंतीण कशी आहे ते विचारा.

माझ्या नव्या नातीचे नाक अजून चपटे आहे, काही सांगता येत नाही. पण भुवया जुळतील असे दिसते.